आयटीतली नोकरी घरात येते तेव्हा

घरात कुणाला आयटी कंपनीची ऑफर आली की पेढे वाटले जातात. वाटावेतच. पण त्याच आठवड्यात घरातल्या सगळ्यांनी एकदा एकत्र बसावं आणि या नोकरीबद्दल मोकळेपणानं बोलावं. ज्याला नोकरी लागली त्यानं, त्याच्या आईवडिलांनी, आणि लग्न झालं असेल तर जोडीदारानंही.

हिंजवडीत, खराडीत, मगरपट्ट्यात, नाहीतर नवी मुंबईत ऐरोलीला काम करणाऱ्या कुणालाही विचारा, तुला या नोकरीत काय आवडतं. उत्तर लगेच येतं. पगार ठरल्या दिवशी जमा होतो. शनिवार-रविवार सुट्टी असते. सोबतची मंडळी चांगली असतात, अडलं तर शेजारचा समजावून सांगतो. आईवडिलांच्या दवाखान्याचा खर्च विम्यातून निघतो. लातूर-बीडहून आलेल्या मुलीला कामाच्या जागी स्वतःच्या नावानं ओळख मिळते. या गोष्टी लहान नाहीत. आपल्या कितीतरी घरांची गरिबी या नोकऱ्यांनी एका पिढीत मागे टाकली.

मग विचारा, काय नकोसं वाटतं. इथं उत्तर यायला जरा वेळ लागतो. आधी ट्रॅफिकचं निघतं. मग रात्रीच्या कॉलचं. मग मॅनेजरचं आणि अप्रेझलचं. सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून, उद्याची खात्री नाही हे निघतं.

दोन्ही खरं आहे. एकाच कंपनीत, एकाच मजल्यावर बसणारे दोघे त्याच नोकरीबद्दल अगदी उलट बोलतात. कारण त्यांची टीम वेगळी असते, मॅनेजर वेगळा असतो, क्लायंट वेगळा असतो. म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की कंपनीचं नाव ऐकून थांबू नका. टीमची चौकशी करा.

क्लायंट कुठला आहे हे आधी विचारा. हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि घराचं वेळापत्रक याच एका गोष्टीवर ठरतं. सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, हिवाळ्यात साडेदहा. त्यांची सकाळची मीटिंग म्हणजे तुमच्या मुलांची झोपायची वेळ. क्लायंट जर्मनीचा असेल तर त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडचे दुपारचे साडेबारा किंवा दीड. पगार तोच, पदही तेच, पण एका घरी संध्याकाळी सगळे एकत्र जेवतात आणि दुसऱ्या घरी नाही.

मग पुढचं विचारा. रिलीजच्या आठवड्यात घरी किती वाजता जाता? ऑन-कॉलची पाळी किती दिवसांनी येते? त्याचे वेगळे पैसे मिळतात का, की बदली सुट्टी? लग्नकार्याला रजा मागितली तर मिळते, की प्रोजेक्ट संपू दे म्हणतात? गेल्या वर्षभरात टीममधून किती जण सोडून गेले?

हे एचआरला विचारून भागत नाही. तिथं दोन-तीन वर्षं काम केलेला कॉलेजचा सीनियर गाठा. गावाकडचं कुणी असेल तर फोन करा. एक माणूस अजून तिथं असलेला आणि एक सोडून गेलेला, अशा दोघांशी बोला. नुकताच लागलेला सगळं छान सांगेल, नुकताच भांडून निघालेला सगळं वाईट सांगेल. दोघांच्या बोलण्यात जे सारखं येईल ते धरा.

नोकरीसाठी कुणालाही एक रुपया देऊ नका. ‘मागच्या दारानं लावतो, दीड लाख द्या’ म्हणणारे पुण्यात गल्लोगल्ली आहेत. खोटं अनुभवाचं पत्र बनवून देणारेही आहेत. पुढे केव्हाही तपासणी झाली आणि ते पत्र खोटं निघालं, की त्याच दिवशी नोकरी जाते आणि तो डाग पुढच्या नोकरीतही आड येतो. परदेशातल्या ऑफरबाबत तर जास्तच सावध राहा. थायलंडमध्ये आयटीची नोकरी असं सांगून आपल्या मुलांना म्यानमारमध्ये नेलं जातं आणि तिथं डांबून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतली जातात. सप्टेंबर 2022 मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला होता. नोकरीसाठी पर्यटक व्हिसावर या म्हणणाऱ्याला तिथंच नकार द्या.

आता ऑफर लेटर हातात घ्या. घाई करू नका. घरातल्या दोघांनी तरी ते पूर्ण वाचावं.

पहिल्या पानावरचा आकडा सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणाऱ्या एकूण खर्चाचा असतो. 6 लाख लिहिलेत म्हणून बारानं भागून 50,000 हातात येतील असं धरू नका. त्या आकड्यात कंपनीचा पीएफचा वाटा असतो, ग्रॅच्युइटी असते, कधी विम्याचा हप्ताही असतो. शिवाय व्हेरिएबल असतं. ते कंपनीचं आणि तुमच्या टीमचं कसं चाललंय त्यावर मिळतं, कधी अर्धंच मिळतं. अशा ऑफरमध्ये दरमहा 40,000 च्या आसपास हातात येणं अगदी शक्य आहे. हातात नक्की किती येणार, हे एचआरला मेलवर विचारा. उत्तर लेखी घ्या. घरभाडं, गावी पाठवायचे पैसे, गाडीचा हप्ता हे सगळं त्याच आकड्यावर बसवा.

जॉइनिंग बोनस असेल तर तो किती दिवसांत परत मागू शकतात ते पाहा. बहुतेक ठिकाणी वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यावा लागतो. म्हणजे वर्षभर तो पैसा आपला नाही असं समजा आणि बाजूला ठेवा.

शेअर मिळणार म्हणाले तर आनंद माना, पण त्यावर घर बुक करू नका.

प्रशिक्षणानंतर परीक्षा आहे का, आणि ती पास न झाल्यास काय, हेही विचारा. फेब्रुवारी 2025 मध्ये इन्फोसिसच्या म्हैसूरच्या प्रशिक्षण केंद्रातून सुमारे 300 नव्या मुलामुलींना अंतर्गत परीक्षा पास न झाल्यानं जावं लागलं. त्यातल्या कितीतरी जणांनी रुजू होण्यासाठी आधीच खूप वाट पाहिलेली होती. 2022 च्या बॅचमधल्या अनेकांना मोठ्या कंपन्यांनी ऑफर दिली, पण रुजू होण्याची तारीख वर्ष-वर्ष पुढे ढकलली. म्हणून तारीख लेखी हातात येईपर्यंत दुसरे अर्ज चालू ठेवा. वाट पाहत घरी बसू नका. प्रशिक्षण सुरू झालं की पहिले काही महिने कॉलेजच्या शेवटच्या वर्षासारखे काढू नका, बोर्डाच्या परीक्षेसारखे काढा.

बाँड असेल तर रक्कम आणि मुदत दोन्ही वाचा. ‘बाँडला काही अर्थ नसतो’ असं मित्र सांगतील. तसं सरसकट नाही. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, 2 लाखांचा बाँड योग्य ठरवला. उलट, नोकरी सोडल्यावर अमुक वर्षं दुसऱ्या कंपनीत जायचंच नाही अशी अट आपल्या करार कायद्यापुढे सहसा टिकत नाही. दोन्हीतला फरक समजून सही करा. आणि मूळ गुणपत्रिका, मूळ पदवी कंपनीकडे ठेवायला देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ परत घ्या.

नोटीस पीरियड पाहा. आयटीत तो अनेक ठिकाणी 90 दिवसांचा आहे. नवी कंपनी 30 दिवसांत या म्हणते आणि जुनी सोडत नाही, यात कितीतरी चांगल्या संधी हुकतात. पैसे भरून लवकर सुटता येतं का, ते आत जातानाच विचारून ठेवा.

नोकरी सुरू झाली की पहिल्याच महिन्यात एक काम करा. ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, पगारवाढीची पत्रं, फॉर्म 16, सगळं स्वतःच्या खासगी मेलवर आणि घरच्या फाइलमध्ये ठेवायला लागा. ज्या दिवशी नोकरी जाते त्या दिवशी लॅपटॉप परत जातो आणि ऑफिसचा मेल बंद होतो. मग स्वतःची पगाराची स्लिपसुद्धा मागून घ्यावी लागते. मात्र फक्त स्वतःची कागदपत्रं घ्या. कंपनीचं काम, कोड, क्लायंटची माहिती खासगी मेलवर पाठवू नका. त्यावरून नोकरी जाते.

पीएफचं पासबुक दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघा. नोकरी बदलली की तो काढून घेऊ नका, नव्या खात्यात वळवा. सलग पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत काढला तर त्यावर करही लागतो. नव्या मोबाइलपायी पीएफ मोडलेली मुलं पुढे फार हळहळतात.

गुपचूप दुसरी नोकरी करू नका. 2022 मध्ये विप्रोनं याच कारणासाठी 300 जणांना काढलं. दोन ठिकाणचा पीएफ एकाच नंबरावर दिसतो, हे लक्षात असू द्या. कुणाला शिकवणी घ्यायची असेल, छोटं काम करायचं असेल, तर कंपनीची लेखी परवानगी घ्या.

आता विम्याबद्दल बोलू, कारण इथं चांगली-चांगली घरं अडचणीत येतात.

कंपनीचा विमा लोकांना खूप आवडतो, आणि का आवडू नये? वडिलांची बायपास झाली, आईचा मोतीबिंदू झाला, खिशातून फारसं गेलं नाही. पण तो विमा नोकरीला बांधलेला आहे. नोकरी गेली की तो जातो. आणि नेमक्या त्याच वेळी पगारही थांबलेला असतो. वय साठीच्या पुढे गेल्यावर, साखर-रक्तदाब लागल्यावर नवा विमा घ्यायला गेलात तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात.

म्हणून नोकरी लागल्यावर पहिल्याच वर्षी घरच्यांसाठी स्वतःचा एक आरोग्य विमा घ्या. छोटा चालेल, पण आपल्या नावाचा हवा. जुन्या आजारांच्या थांबण्याचा काळ तुमची नोकरी चालू असतानाच सरून जातो. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा वैयक्तिक विम्यावर जीएसटी लागत नाही. आणि आईवडिलांचे आजार फॉर्मवर लपवू नका. एजंट म्हणेल ‘लिहू नका, चालतंय’. क्लेमच्या वेळी तो एजंट तुमच्या सोबत नसतो.

हप्त्यांचंही असंच जपून करा. नवरा-बायको दोघं आयटीत असतील तर दोघांच्या पगारावर फ्लॅट घेऊ नका. एकाच्या पगारात बसेल एवढाच हप्ता ठेवा. मंदी येते तेव्हा एकाच वेळी दोघांच्याही कंपनीत येते. जुलै 2025 मध्ये टीसीएसनं 12,000 हून अधिक लोक कमी करणार असल्याचं जाहीर केलं. ज्या कंपनीचं नाव घेऊन लोक ‘तिथं लागलास म्हणजे मिटलं’ म्हणायचे, ती कंपनी. त्याच वर्षी तिथं प्रोजेक्टविना बेंचवर बसायची मर्यादा वर्षाला 35 दिवसांवर आणली गेली. पूर्वी बेंच म्हणजे चार दिवसांचा आराम वाटायचा. आता तसं नाही.

सहा महिन्यांचा घरखर्च, हप्त्यांसकट, बँकेत वेगळा ठेवा. हे एका वर्षात होत नाही. पहिल्या पगारवाढीपासून सुरू केलंत तर दोन-तीन वर्षांत होतं. तोपर्यंत मोठी गाडी थांबू द्या.

वेळेचं दुखणं पैशांपेक्षा हळू चढतं, म्हणून ते घरात लवकर लक्षात येत नाही. वाकडहून हिंजवडीच्या तिसऱ्या टप्प्याला जायला पावसाळ्यात तास सहज जातो. यायला तेवढाच. मधे नऊ तास. रात्री पुन्हा कॉल. घर घेताना किंवा भाड्यानं बघताना दहा मजली सोसायटीच्या जिमपेक्षा ऑफिसचं अंतर बघा. सोमवारी सकाळी नऊ वाजता स्वतः त्या रस्त्यानं जाऊन बघा. रविवारी दुपारी बिल्डरच्या गाडीतून नाही.

कामाचा फोन जेवायच्या ताटाजवळ आणू नका. खरोखर ऑन-कॉल असाल तर घरच्यांना तसं सांगून ठेवा, म्हणजे त्यांना राग येणार नाही. आणि उत्साहाच्या भरात पहिल्याच महिन्यात रात्री अकराच्या मेलला उत्तरं द्यायला लागू नका. एकदा सवय लावलीत की तीच अपेक्षा होते, मग ती कमी करणं फार जड जातं.

घरच्यांनाही माझं काही सांगणं आहे. मुलगी किंवा सून घरून काम करते म्हणजे ती रिकामी नाही. कॉल चालू असताना कुकर लावायला, पार्सल घ्यायला, पाहुण्यांना चहा द्यायला तिलाच हाक का मारली जाते, याचा विचार करा. घरून काम करणाऱ्या पुरुषाला अशी हाक क्वचित जाते. तिच्या टेबलाला एक कोपरा आणि एक दार द्या. तेवढ्यानं तिचा अर्धा शीण उतरेल.

मुलींनी आणि सुनांनी आपले हक्क नीट माहीत करून घ्यावेत. पहिल्या दोन बाळंतपणांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा हा कायदा आहे, कंपनीची मेहेरबानी नाही. 50 किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघराची सोय हवी. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती हवी. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करायची असते, म्हणून मनात ठेवून बसू नका. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. रात्रपाळी असेल तर कॅबचा नंबर, ड्रायव्हरचं नाव रोज घरी पाठवा. 2007 साली पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका तरुण मुलीचा कॅबमध्ये घात झाला. त्यानंतर कंपन्यांनी नियम कडक केले. ते नियम त्रासाचे वाटले तरी मोडू नका, आणि कंपनी मोडत असेल तर लेखी कळवा.

मॅनेजरशी पटत नसेल तर आधी टीम बदलून मागा. कंपनी बदलण्यापेक्षा ते सोपं आणि कमी जोखमीचं असतं. दर महिन्याला आपण काय केलं ते चार ओळींत लिहून मॅनेजरला पाठवत जा. अप्रेझलच्या वेळी कुणाला वर्षभराचं आठवत नाही. तुमचं काम तुम्हीच लिहून ठेवलेलं असलं की बोलणं सोपं जातं.

आणि आता तो दिवस, ज्याबद्दल कुणी घरात बोलत नाही.

एके दिवशी एचआर बोलावतं. बंद खोलीत सांगतं, राजीनामा द्या, नाहीतर काढून टाकू, मग रेकॉर्ड खराब होईल. माणूस घाबरतो आणि तिथंच सही करतो. तसं करू नका. शांतपणे म्हणा, मला विचार करायला वेळ हवा, तुम्ही जे सांगताय ते मला मेलवर पाठवा. आवाज चढवू नका. रडू आलं तर येऊ द्या, पण सही करू नका.

याचं कारण समजून घ्या. कायद्यानं जो ‘कामगार’ ठरतो त्याला कपातीच्या वेळी, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या पगाराची भरपाई असते. तुम्ही स्वतःहून राजीनामा दिलात तर तो हक्क सुटतो. इंजिनिअर कामगार ठरतो की नाही, हे पदाच्या भारी नावावर नाही, प्रत्यक्ष काय काम करता त्यावर ठरतं. म्हणून सहीच्या आधी एखाद्या कामगार-कायद्याच्या वकिलाला कागद दाखवा. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. पुण्यात नाइट्स नावाची आयटी कर्मचाऱ्यांची संघटना आहे, ती अशा प्रकरणांत सरकारकडे दाद मागत असते. एकट्यानं झुंजायची गरज नाही.

निघायचंच ठरलं तर या गोष्टी लेखी मागा. नोटिशीच्या काळाचा पगार. शिल्लक रजांचे पैसे. कायम नोकरीत पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी. विमा कोणत्या तारखेपर्यंत आहे, आणि तो त्याच विमा कंपनीत वैयक्तिक करून घेता येईल का. आणि रिलीव्हिंग लेटर. ते नसेल तर पुढची नोकरी अडते.

घरी त्याच दिवशी सांगा. लॅपटॉपची बॅग घेऊन रोज सकाळी बाहेर पडून बागेत बसणारी माणसं असतात. त्यांच्या घरच्यांना महिन्यानं कळतं, आणि मग नोकरी गेल्यापेक्षा ते लपवल्याचं जास्त लागतं. घरच्यांनी त्या रात्री ‘तुझंच काहीतरी चुकलं असेल’ म्हणू नये. शेजारच्याचा मुलगा कसा टिकला हेही काढू नये. जेवायला बसवा. झोप उडाली असेल, जगणं नकोसं झाल्याचं बोलणं असेल, तर सरकारचा टेली मानस हा फोन 14416 वर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. त्या वेळी माणसाला एकटं सोडू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागा. ओळखीच्या, सोबत काम केलेल्या माणसांना स्वतः फोन करा. या क्षेत्रात चांगल्या सहकाऱ्याच्या शब्दावर कितीतरी नोकऱ्या मिळतात. अमेरिकेत एच-1बी व्हिसावर असाल, तर नवी नोकरी किंवा दुसरी सोय करायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, म्हणून तिथल्या वकिलाशी पहिल्याच आठवड्यात बोला. विमा कंपनीला फोन लावा. आणि गृहकर्जाचा हप्ता चुकायची वाट न पाहता बँकेत जा, परिस्थिती सांगा, मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का विचारा. जाताना एकटं जाऊ नका, घरातल्या कुणाला तरी सोबत न्या.